दुसरी ‘ब’ आणि लग्नाचा ग्लास

वर्गात वरवंटा घेऊन जाणारी अख्ख्या पनवेलात मी एकटीच बाई असेन. पिशवीत पुस्तकं, जेवणाचा डबा, चष्म्याचं घर आणि तळाशी हा वरवंटा. एकदा रिक्षावाला पिशवी उचलून द्यायला गेला आणि म्हणाला, “बाई, दगड भरलेत का काय यात?” मी म्हटलं, “हो.” बिचाऱ्याला वाटलं मी चिडले.

चिडते मी, नाही असं नाही. शाळेत माझा तसा लौकिकच आहे. पण त्या वेळी चिडायचं कारण पुस्तक होतं. आमच्या दुसरीच्या पुस्तकात दोन ओळी होत्या: काही वस्तू कठीण असतात, काही वस्तू मऊ असतात. झालं! खाली दगडाचं आणि कापसाचं चित्र. सात वर्षांच्या पोराला दगड आणि कापूस यातला फरक कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत येऊन उभं राहावं. मी पुस्तक मिटलं आणि पोरांना सांगितलं, “उद्या घरातून एकेक वस्तू आणायची. आईला विचारून आणायची. परत मिळेल याची खात्री नाही, हेही आईला सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी जे काही आलं ते बघून मी कपाळावर हात मारला. चिंचोके, सुपारी, शिंपले, पापड, फुटकी कौलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चिक्की, एक जुनी चप्पल (एकच!), आणि एका महाभागानं चक्क आजोबांची काठी आणली होती. आजोबा घरी कसे चालत असतील हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता. काठी तशीच परत पाठवली. कुणीतरी सुका बोंबील आणला होता. त्याच्या वासानं शाळेतली मांजर खिडकीत येऊन बसली ती तास संपेपर्यंत हलली नाही.

मी फरशीवर खडूनं दोन मोठी रिंगणं काढली. एकात लिहिलं ‘ठिसूळ’, दुसऱ्यात ‘चिवट’. मधे जी जागा उरली तिला पोरांनीच नाव दिलं, भांडणाची जागा. रीत अशी होती की आधी वस्तू हातात घ्यायची आणि अंदाज सांगायचा. मग ती वाकवून बघायची, ओढून बघायची, आणि शेवटी मी तिच्यावर वरवंटा घालणार. मोडली तर सगळ्यांनी ओरडायचं, “ठिसूळ!” मार खाऊनही धड राहिली तर, “चिवट!” आणि तपासल्याशिवाय कुणी छातीठोकपणे बोलायचं नाही. हा नियम मुलांना इतका आवडला की पुढे त्यांनी तो माझ्यावरच उलटवला. “आज गणित सोपं आहे,” असं मी म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “बाई, तपासलं का?”

पहिला धक्का दिला खडूनं. सगळ्यांचा अंदाज, खडू कडक, म्हणजे चिवट. एका मुलानं तो नुसता दोन बोटांत वाकवला आणि खडूचे दोन तुकडे झाले. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. “बाई, पण हा कडक होता!” असं तो दोनदा म्हणाला, जणू खडूनं त्याला फसवलं. मग चप्पल आली. सगळे म्हणाले मऊ आहे, मऊ आहे, ही काय टिकणार. मी वरवंटा घातला, एकदा घातला, परत घातला. चप्पल आपली जशीच्या तशी. तेव्हा कोळीवाड्यातली एक मुलगी उठून उभी राहिली.

ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिचा बाप खाडीत जाळी टाकतो, आई मच्छी बाजारात बसते. अंगानं काडी, पण आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसानं वळून बघावं. ती म्हणाली, “बाई, कडक असला म्हंजे चिवट असतो असा काय नाय. जालं बगा ना. जालं मऊच अस्तं, पन फाटत नाय.” आणि तिनं खिशातून जाळ्याचा नायलॉनचा दोरा काढला. मग काय, अर्धा वर्ग एका टोकाला आणि अर्धा दुसऱ्या टोकाला. दोरा तुटला नाही, वर्ग मात्र माझ्या टेबलावर येऊन पडला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण पोरं शाळेत शिकलेलं घरी विसरतात असं जे म्हणतात ते साफ खोटं आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. एक आई सकाळी सकाळी फाटकात उभी. “बाई, आमच्या घरात एक उलथनं सरळ राहिलं नाय ओ!” दुसरीच्या घरी नवी कोरी बादली आपटून झाली होती. एका मुलाचे वडील उलव्याला डंपर चालवतात. त्यांनी नवीन मोबाइल घेतला होता, आणि दुकानदारानं त्याची काच फुटत नाही असं सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, तपासलं का? पुढचं सांगत नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. आमचे सर तसे देवमाणूस, आवाज कधी चढवत नाहीत. नुसतं म्हणाले, “बाई, जरा नरम वस्तूंवर घ्या की.”

त्याच दिवसांत माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. आता जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी आमची मंडळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. म्हणून गावातली जुनी माणसं अजून आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणतात. पूर्वी आमच्या सिनेगॉगात सणाला बसायला जागा मिळायची नाही. आता निम्म्याहून जास्त घरं इस्राएलला गेली, काही ठाण्याला गेली, आणि प्रार्थनेला लागणारी दहा पुरुष माणसं जमवायला फोनवर फोन करावे लागतात. त्यामुळे पनवेलच्या सिनेगॉगात लग्न ठरलं की आम्हाला दुप्पट आनंद होतो.

आमच्या लग्नात शेवटी एक ग्लास फोडतात. नवरा-नवरी त्यातून काळ्या मनुकांचं सरबत पितात, मग तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून खाली ठेवतात आणि नवरा त्यावर पाय देतो. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं, त्याची आनंदाच्या घटकेलाही आठवण राहावी, म्हणून. काच फुटल्याचा आवाज आला की सगळे टाळ्या वाजवतात, एकमेकांना मिठ्या मारतात, आणि लग्न लागलं.

माझ्या लग्नात तो आवाज आलाच नाही.

नवऱ्यानं पाय जोरात आपटला, पण ग्लास फुटायच्या ऐवजी रुमालासकट निसटला आणि समोर उभ्या असलेल्या हझानच्या, म्हणजे आमच्याकडे प्रार्थना म्हणणाऱ्या भटजींच्या, नडगीवर जाऊन बसला. ते असे कळवळले की लोक खो खो हसायला लागले. मीही हसले. ग्लास उचलून परत ठेवला, नवऱ्यानं परत पाय दिला, मग कुठे फुटला. हसली नाही एकच व्यक्ती, माझी सासू. ग्लास पहिल्या फटक्यात फुटला नाही तर अपशकुन, असं जुन्या बायका मानतात.

मुलगी चौथीत असताना माझा नवरा गेला. सकाळी चहा पिऊन कामाला निघाला आणि दारातच कोसळला. त्यानंतर त्या ग्लासाचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला एका शब्दानंही कधी बोलल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, एकमेकींच्या हातचं खातो, टीव्हीवरून भांडतो. पण कुणाचंही लग्न असलं की ग्लास फुटायच्या क्षणी त्या बाकाची कड अशी घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. ते मी बघितलं आहे. आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात तेच यायचं. बोलत नसतील, पण यांना वाटतं आपली सून पांढऱ्या पायाची. मी विज्ञान शिकवते, असल्या गोष्टींना हसते. पण रात्रंदिवस ज्यांच्याबरोबर राहायचं त्यांना आतून असं वाटत असेल, तर ते हसण्यावारी कसं न्यायचं?

म्हणून लेकीच्या लग्नात मला एकच गोष्ट हवी होती. जेवण अळणी झालं तरी चालेल, वीज गेली तरी चालेल. ग्लास पहिल्या फटक्यात फुटला पाहिजे.

जावई ठाण्याचा. हसतमुख, गप्पिष्ट, आणि खर्चाच्या बाबतीत जरा मोकळा. एके दिवशी तो खारघरच्या मॉलमधून एक चकचकीत खोका घेऊन आला. आत सहा ग्लास. काय देखणे! बुडाला जाड, वर नाजूक नक्षी. “आंटी, लग्नात साधा ग्लास कशाला?” तो म्हणाला. “एक आपल्याला, बाकीचे घरात वापरा.” माझी मुलगी खूश. आई खोका मांडीवर घेऊन बघत बसल्या. त्यांनी ग्लासावरून बोट फिरवलं आणि परत ठेवला.  मी खोका उलटून मागची बाजू वाचली. तिथे लिहिलं होतं, टफन्ड, म्हणजे मुद्दाम चिवट केलेली काच.

आता दुसरीला पंधरा दिवस चिवट आणि ठिसूळ शिकवणाऱ्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायला नको. पण वाचून घाबरायचं नाही, तपासायचं, हा नियमही माझाच. मी दुसऱ्या दिवशी एक ग्लास पिशवीत टाकला आणि शाळेत नेला.

काचेची चाचणी मी वर्गात करत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात पोरांना खडूच्या रेषेमागे लांब उभं केलं. ग्लास जुन्या चादरीत दोनदा गुंडाळला. पायात बूट घातले. एका मुलानं विचारलं, “बाई, हा का फोडायचा?” मी सांगून टाकलं. पोरांपासून काय लपवणार? आमच्या ताईच्या लग्नात ग्लास फोडतात, तो एकाच फटक्यात फुटायला हवा. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. “आपण नारळ फोडतो तसं,” एकीनं दुसरीला समजावलं आणि विषय संपला.

मी पाय दिला. काही नाही. सगळं वजन टाकलं, आणि माझं वजन कमी नाही. काही नाही. मग उडी मारली. ग्लास चादरीसकट घसरला, मी मातीत फतकल मारून बसले, आणि चादरीतून तो देखणा ग्लास लोळत लोळत बाहेर आला. साधा टवकासुद्धा उडालेला नाही.

“चिवट!!” पोरांनी असा काही गिल्ला केला की वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज ऐकू आला नाही. आनंदानं नाचत होती कार्टी. मी मात्र मातीत बसले ती बसलेच. डोळ्यांसमोर तोच रुमाल, तीच नडगी.

ती कोळ्यांची पोरगी रेषा ओलांडून माझ्यापाशी आली. तिला ओरडायचंही मला सुचलं नाही. “बाई, लागला का?”

“नाही गं. पण हा काही कामाचा नाही.”

“मंग दुसरा घ्या.”

“दुसरा फुटेल हे कसं कळणार? फोडून बघावं तर तो संपला. मग लग्नात काय फोडायचं?”

हे मी तिला विचारलं नव्हतं, स्वतःशीच कुरकुरत होते. पण तिनं ते मनावर घेतलं. खाली बसून मातीत बोटानं रेघोट्या मारायला लागली. मग म्हणाली, “बाई, बापूस नवा दोरा आनतो ना, तवा गुंडीतला जरासा तोडून, ओला करून, ओढून बगतो. तो टिकला म्हंजे समदी गुंडी चांगली. एकाच खोक्यातलं ग्लास असलं म्हंजे समदं एकसारखंच ना? मंग बाकीचं फोडा, एक ठेवा.”

 हे मी शिकवलेलं नव्हतं. पंधरा दिवस मी आपली एकेक वस्तू आपटत होते, आणि एकीवरून दुसरीबद्दल सांगता येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून तिचा गालगुच्चा घेतला, तर म्हणते कशी, “बाई, तुमचा हात मातीनं भरलाय.”

आता प्रश्न, ग्लास कोणते? शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून कटिंगचे ग्लास आणले. ते दिवसातून दहादा फरशीवर पडतात आणि उठून परत चहाला लागतात, हे मला आधीच सुचायला हवं होतं. चिवट! जावयाला फोन केला तर तो म्हणाला, “आंटी, टेन्शन कशाला? हल्ली सगळे रुमालात बल्ब गुंडाळतात. फट्कन फुटतो.” मुलीलाही ते पटलं. पण आईंच्या कानावर गेलं मात्र, त्या ताडकन उठल्या. “लग्नात दिवा फोडायचा? माझ्या नातीच्या? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” 

त्या संध्याकाळी मी सगळं आईंना सांगितलं. मॉलचा ग्लास, माझं मातीत पडणं, पोरीची युक्ती. माझं त्या ग्लासाबद्दलचं जुनं भय तेवढं सांगितलं नाही. त्या ऐकत होत्या, मधेच मी पडले त्या जागी हसल्यासुद्धा. मग उठून आतल्या खोलीत गेल्या. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा जुना खोका होता. तो खोका मला पाठ होता. त्यात त्यांच्या माहेरून आलेले ग्लास होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ काच, कडेला सोनेरी रेघ. वर्षातून एकदा, सणाच्या संध्याकाळी, ते बाहेर निघायचे. त्यांतून मनुकांचं सरबत प्यायचं, आणि धुवायचे त्यांनीच, मला हात लावू द्यायच्या नाहीत. माझा नवरा लहान असताना त्यांतला एक उचलायला गेला म्हणून त्यानं मार खाल्ला होता.

“एकाच खोक्यातले आहेत,” आई म्हणाल्या. “सहाच्या सहा. फोडा.”

“आई, अहो, हे नको. मी बाजारातून आणते ना पातळ ग्लास.”

“बाजारातल्याचं मला कळत नाही. हे मी हातानं धुतलेत. उद्या मी येते तुझ्या शाळेत.”

त्या बोलल्या ते वाद घालायच्या सुरात नव्हतं. मीही घातला नाही.

आणि खरंच आल्या. ठेवणीतली पांढरी साडी, हातात खोका. मुख्याध्यापक सर धावत खुर्ची घेऊन आले. पोरांना मी आधी दम दिला होता, आजी येणार आहेत, आवाज नको. म्हणून ती अगदी देवळात उभी असावीत तशी रेषेमागे उभी. मी पहिला ग्लास चादरीत गुंडाळला. माझाच पाय होत नव्हता. आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “दे गं पाय.”

नुसता टेकवला. करर्र झालं.

पोरांनी तोंडावर हात दाबून धरले होते. आई त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “काय रे, मुके झालात का? ही सांगत होती तुम्ही ओरडता म्हणून.”

“ठिसूळ!!”

दुसरा. “ठिसूळ!” तिसऱ्याला तर आईही त्यांच्यात सामील झाल्या. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते, तो साडीचा पदर सारखा गुंडाळत होता आणि सोडत होता. पाचवा फुटला तेव्हा त्यांनी एक सुस्कारा टाकला, उरलेला ग्लास खोक्यातून काढून उन्हात धरला, आणि त्या कोळ्याच्या पोरीला जवळ बोलावून विचारलं, “काय गं, हा फुटेल?”

ती पोरगी काही लगेच हो म्हणाली नाही. ग्लास बघितला, सोनेरी रेघ बघितली, इतरांसारखीच आहे ना याची खात्री केली. मग म्हणाली, “फुटंल, आजी. पन तोवर सांबालला पायजे.”

खरी गंमत त्यापुढेच झाली. फोडायचा ग्लास फुटू नये म्हणून आम्ही काय काय केलं! आईंनी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, आणि मला तो डबा उघडायची बंदी. म्हणजे लग्नघरात पाहुणे, आणि भाताला तांदूळ शेजारून. मेंदीच्या दिवशी कुणीतरी डबा सरकवला तर आई ओल्या मेंदीच्या हातानं धावल्या. मुलगी म्हणाली, “मम्मी, माझ्यापेक्षा त्या ग्लासाचीच काळजी जास्त आहे तुम्हाला.” मी म्हटलं, “तू चिवट आहेस. तो नाही.”

लग्न रविवारी होतं. मी अख्ख्या वर्गाला बोलावलं होतं. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले होते, मुलींनी गजरे माळले होते. मागचे बाक, जे एरवी रिकामे असतात, ते दुसरी ‘ब’नं भरून टाकले. आमचे एक म्हातारे गृहस्थ भरलेल्या बाकांकडे बघत म्हणाले, “कित्येक वर्षांनी असं दिसतंय.” मला भरून आलं. इस्राएलची मंडळी व्हिडिओ कॉलवर होती, आणि तिकडून कुणीतरी सारखं विचारत होतं, ही एवढी मुलं कुणाची? मी ओरडून सांगितलं, “माझी!”

मुलगी पांढऱ्या साडीत आली. माझी लेक, बापाविना वाढलेली, माझ्याहून दोन बोटं उंच. अंगठी झाली, लग्नाचा करार वाचून झाला. त्या पातळ ग्लासातून दोघांनी सरबत प्यायलं. जावयाचं सगळं लक्ष नवरीकडे, आणि मला वाटलं, आता हा इथेच पाडतो! पण नाही. ग्लास रुमालात गुंडाळला गेला, खाली ठेवला गेला.

माझ्या शेजारी आईंनी बाकाची कड धरली. मीही धरली.  पाच फुटले तर सहावा फुटणारच, हे मला ठाऊक होतं. दुसरीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. तरी मनात येत होतं, देवा, एवढा एक.

जावयानं पाय दिला.

करर्र! रुमाल खाली बसला.

कुणी टाळी वाजवायच्या आत मागच्या बाकांवरून अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला, “ठिसूळ!!!”

 आधी हझान हसले, मग जावई हसला, मग सगळं सिनेगॉग हसायला लागलं. टाळ्या, मिठ्या, रडारड. फोनमधून इस्राएल विचारत होतं, काय झालं, काय झालं? माझी लेक हसता हसता रडत होती. पहिल्या बाकावरून मी वळून बघितलं तर कोळीवाड्यातली ती पोरगी बाकावर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होती.

आईंनी बाकाची कड सोडली नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला.  म्हटलं, “आई, फुटला हो. पहिल्या फटक्यात.”

त्या समोर रुमालाकडे बघत होत्या. मग अगदी हळू, एवढ्या गलक्यात मलाच ऐकू येईल इतकंच बोलल्या, “तुमच्या लग्नातला तो ग्लास मी आणला होता.”

 “कोणता, आई?”

“तो. भायखळ्याहून मीच आणला होता. वाटेत फुटू नये म्हणून जाड बघून घेतला.”  “इतकी वर्षं मला वाटतंय गं, मी नीट आणला असता तर…”

 एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. या माझ्या पायांना दोष देतात असं मी धरून बसले होते, आणि ही बाई माझ्या शेजारी बसून आपल्या हातांना. दोघींतली एकही कधी बोलली नाही. मी भर लग्नात, हझान आणि व्याही बघत असताना, त्यांना कवेत घेतलं आणि लहान पोराला सांगावं तसं त्यांच्या कानात सांगितलं, “जाड होता, आई. बस्स, एवढंच. जाड होता तो.”